मुजावर सिस्टरांच्या राण्या

मुजावर सिस्टर चिडल्या की आधी त्यांचा चष्मा कपाळावर जायचा. मग उजव्या हाताचं बोट वर यायचं आणि त्यानंतर जे तोंडातून यायचं ते खालच्या मजल्यावरच्या औषधाच्या दुकानातही ऐकू जायचं. दिवसातून एकदा तरी त्या चिडायच्याच. आयुष्य बाळंतपणं करण्यात गेलेली बाई. रक्ताला, किंकाळ्यांना, डॉक्टरांच्या ओरडण्याला कधी डगमगली नाही. पण मुलीला ठेवलेलं एखादं नाव कानावर पडलं, की त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलायचा.

मंगळवार पेठेतल्या एका बोळात आमचं प्रसूतिगृह होतं. मी काउंटरवर बसायचे. जन्माचा फॉर्म भरून महापालिकेत पाठवणं हे माझं मुख्य काम. त्या फॉर्मात बाळाच्या नावाचा एक रकाना असतो. पूर्वी लोक तो रिकामा सोडायचे आणि बारसं झालं की वर्षाच्या आत पालिकेत जाऊन नाव घालून यायचे. हल्ली तसं नाही. हल्ली लोक बाळाच्या आधी नाव घेऊन येतात. मोबाइल पुढं धरतात आणि सांगतात, "हे लिहा." आणि मुलगी असली की सगळ्यांना एकच पाहिजे असतं. नाव राजेशाही पाहिजे. राणी, महाराणी, सम्राज्ञी, काहीतरी मुकुटवालं.

एकदा कोडोलीचा एक तरुण बाप आला. दुधाचा धंदा करणारा, हसरा गडी. मुलगी झाली म्हणून सगळ्या स्टाफला बर्फी वाटली आणि माझ्यापुढं मोबाइल ठेवून म्हणाला, "मल्लिका लिवा मॅडम. मल्लिका म्हंजे महाराणी. नेटवर हाय."

सिस्टर तेव्हा माझ्या शेजारीच उभ्या राहून केसपेपर चाळत होत्या. चष्मा कपाळावर गेला.

"कुठल्या नेटवर हाय? मल्लिका म्हंजे मोगरा! राणी म्हंजे मलिका. एक ल. तुम्हाला पोरगी गादीवर बसवायची हाय का वेणीत माळायची हाय?"

तो बिचारा म्हणाला, "दोन्ही चालंल की सिस्टर."

"तुम्हाला चालंल ओ. जल्मभर नाव तिला सांगायचं हाय. जावा, बायकोला विचारून या. मी फॉर्म धरून ठेवतो."

कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. सिस्टर तर फारच. तासाभरानं तो बाप परत आला आणि माझ्याकडे न बघता थेट सिस्टरांना म्हणाला, "एक ल."

ही विद्या त्यांनी कुठून मिळवली, असं मला सुरुवातीला वाटायचं. त्या कुठल्या पुस्तकावर विसंबत नव्हत्या आणि नेटवर तर अजिबातच नाही. नाव संस्कृतातलं असलं की प्रसूतिगृहाच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे शास्त्री राहायचे, त्यांच्याकडे जायच्या. अरबी-फारसीतलं असलं की मशिदीतल्या मौलानांना गाठायच्या. दारात उभं राहूनच विचारायच्या, चहाला थांबायच्या नाहीत. शास्त्रीबुवा तर त्यांना बघितलं की खिडकीतूनच ओरडायचे, "आज कोण जन्मलं?" खात्री पटल्याशिवाय सिस्टर कुणालाही नाव सुचवत नसत. "औषध द्यायच्या आधी बाटलीवरचं वाचतो का न्हाय आपण? मग?"

एका शिकलेल्या जोडप्यानं महिषी हे नाव काढलं होतं. अर्थ पट्टराणी. सिस्टर शास्त्रीबुवांकडे जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अर्थ एकदम बरोबर हाय. पण महिषी म्हंजे म्हैस पण. आणि शाळेतली पोरं पट्टराणी म्हणणार न्हाईत, एवढं मी लिहून देतो." कोल्हापुरात म्हशीला मोठा मान आहे, तरी त्या जोडप्यानं दुसऱ्या दिवशी नाव बदललं.

त्यांचा स्वतःचा एक नियम होता. राजनंदिनी, राजकन्या, राजकुमारी ही नावं त्यांना आवडत नसत. का, असं मी एकदा विचारलं. त्या भाकरी-खरडा खात होत्या. घास तसाच हातात धरून म्हणाल्या, "सुनंदा, त्यात पोरीचं काय हाय? बाप राजा म्हणून ही राजकन्या. बापाची गादी गेली की हिचं नाव पण गेलं. माझंच घे की. माझं नाव शहाजादी. राजाची पोर. आणि बाप माझा कोडोलीत सायकलीची पंक्चरं काढायचा. शाळेत बाई हजेरी घेताना हसायच्या, म्हणायच्या, शहाजादी, तुझं राज्य कुठं गं? नर्सिंगला गेलो तितं पण तेच. लग्न झालं तर सासरा म्हणाला, शहाजादी आली, आता हिला नोकर ठेवा." मग घास तोंडात घातला. "राज्ञी चांगलं. सम्राज्ञी चांगलं. मलिका, सुलताना चांगलं. स्वतः राज्य करती ती. बाप कोण, नवरा कोण, विचारायचं काम न्हाय."

घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलीला त्या दारापर्यंत सोडायच्या. नाव ठरलेलं असलं तर पूर्ण नावानिशी पुकारा करायच्या. "बाजूला व्हा, बाजूला व्हा! सम्राज्ञी सर्जेराव निघाल्यात!" बाकड्यावरच्या माणसांना पाय आत घ्यावे लागत. आणि घेतले नाहीत तर सिस्टर थांबून बघत राहायच्या, घेईपर्यंत.

नावाचा अर्थ चुकला तर त्या चिडत, पण ते चिडणं चहाच्या उकळीसारखं, लगेच खाली बसणारं. खरा संताप वेगळा होता. ज्या सम्राज्ञीचं मी आता सांगितलं, तिच्या बारशाला चौकात फ्लेक्स लागला होता. मुकुट घातलेलं बाळ आणि खाली सगळ्या भावकीचे फोटो. पाचएक महिन्यांनी तिचे आईबाप पुन्हा आले. आईला दिवस गेले होते. बापानं माझ्या काउंटरवर वाकून हळू विचारलं, "आतलं काय हाय ते कळंल का? मॅडमना जरा विचारा की."

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला.

"सम्राज्ञीला गादीवर बसून सहा महिनं न्हाय झालं, आणि वारस बघायला निघालास व्हय? फ्लेक्सवर मुकुट कुणी घातलाता? तू का मी? चल, बाहेर हो! पोलिसाला बोलवायच्या आधी हो!"

तो माणूस जिन्यावरून पळालाच. त्याची बायको मात्र जागची हलली नाही. सिस्टरांनी तिला आत नेलं, रक्तदाब बघितला, गोळ्या लिहून घेतल्या आणि पुढं तिचं बाळंतपणही त्यांनीच केलं. त्या दिवशी आमच्या मॅडम, म्हणजे प्रसूतिगृहाच्या मालक डॉक्टर, केबिनमधून हे सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "शाब्बास सिस्टर." हे मी मुद्दाम सांगते. कारण पुढच्या वेळी त्या तसं म्हणाल्या नाहीत.

मनीषाचं माहेर कळंब्याचं, सासर कबनूरचं. नवरा यंत्रमागावर कामाला. तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिसरीही मुलगीच झाली. मोठीचं नाव राजनंदिनी. मधलीचं दीपाली. हे मला फॉर्म भरताना कळलं. डिस्चार्जच्या दिवशी सासू, नवरा आणि धाकटा दीर कबनूरहून आले होते. सासूचं माहेर सीमेपलीकडचं, कन्नड मुलुखातलं. मी विचारलं, बाळाचं नाव ठरलंय का, की रकाना रिकामा सोडू?

"लिव की," सासू म्हणाली. "साकव्वा."

मला अर्थ माहीत नव्हता. सिस्टरांना होता.

"साकु म्हंजे काय ओ आजी?"

"साकु म्हंजे पुरं. पुरं बाई आता. तीन झाल्या. असं नाव ठेवलं की पुढचा पोरगा हुतो."

सिस्टरांचा चष्मा कपाळावर गेला नाही. त्यांनी तो काढून खिशात ठेवला. मी तसं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"चहा पुरे म्हणावं आजी. भात पुरे म्हणावं. ताटात वाढायला आलेल्या माणसाला हात आडवा करावा. माणसालाच पुरे म्हणता? पहिलीला सिंहासन, दुसरीला पाट आणि तिसरीला उंबऱ्याच्या भायेर? ही शाळेत जाणार. हजेरीला उभी राहणार. रोज सकाळी चाळीस पोरांच्या पुढं कुणीतरी हिला सांगणार, तू नको होतीस, आणि ही म्हणणार, हजर!"

"आमची पोरगी, आमचं नाव," सासू म्हणाली. "तू कोण सांगणारी?"

सिस्टर नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही बाप न्हवं? तुम्ही बोला की." तो खाली बघून म्हणाला, "आई म्हणंल ते." मग त्या आत खाटेवर बसलेल्या मनीषाकडे गेल्या. "बाई, तुला काय ठेवायचंय? तुला कुणी विचारलं काय?" मनीषा भिंतीकडे बघत राहिली. बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं होतं.

सिस्टर परत आल्या आणि काउंटरवरचा फॉर्म उचलून छातीशी धरला. "हे नाव ह्या फॉर्मावर जाणार न्हाय. घरी न्या पोरीला, विचार करा. वर्षभर मुदत हाय."

तेव्हा तो धाकटा दीर पुढं आला. तोवर तो मोबाइलमध्ये होता. सिस्टरांच्या खिशावरची नावाची पट्टी त्यानं वाचली आणि आवाज चढवला.

"मुजावर व्हय? मग बरोबर हाय. तुमच्यात काय ठेवायचं ते ठेवा. आमच्या पोरींची नावं तुम्ही ठरवणार काय?"

"माझ्यात आणि तुमच्यात पोरगी नवव्या महिन्यातच जल्माला येती, दादा."

"शहाणपणा नको. तुमचं काम सुया टोचायचं." त्यानं मोबाइल वर धरला आणि व्हिडिओ सुरू केला. "बघा, हितं काय चाललंय. मुसलमान बाई हिंदूंच्या पोरींची नावं बदलायला लागलीय."

मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. बाकड्यावरची माणसं उठून उभी राहिली होती. मॅडमनी तो मोबाइल बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. आधी त्या दिराला "बसा, बसा, पाणी घ्या" म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"सुनंदा, काय झालं? सिस्टर काय बोलल्या?"

मी सगळं ऐकलं होतं. शब्द न् शब्द. मी एवढंच म्हणायला हवं होतं की सिस्टरांनी धर्माचं काही काढलं नाही, त्यानं काढलं. एका वाक्याचं काम होतं. पण तो मोबाइल माझ्याकडे वळलेला होता.

"मी फोनवर होते मॅडम," मी म्हणाले. "नीट ऐकलं नाही."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं मी त्यांना रागावताना बघत आले होते आणि त्या रागाला मी सोडून सगळे पात्र आहेत असं धरून चालले होते.

मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, माफी मागा आणि विषय संपवा."

"कशाची मागू मॅडम? शब्द सांगा. तो शब्द मी बोललो असंल तर मागतो."

मॅडमनी बाकड्यांकडे बघितलं. "वाद नको. पेशंट बघतायत."

"बघू देत की. बघायलाच पायजेत." सिस्टरांनी फॉर्म माझ्यापुढं ठेवला, गणवेशावरचं घड्याळ काढलं, नावाची पट्टी काढली, आणि दोन्ही मॅडमच्या हातात दिलं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते त्यांच्या. आत जाऊन साडी बदलून आल्या, डबा घेतला आणि जिना उतरून गेल्या. कुणी पुकारा केला नाही. बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं मात्र पाय आत घेतले.

त्या गोंधळात सासूला आणि दिराला फॉर्मचं भानच राहिलं नाही. मी रकाना रिकामा ठेवून तसाच तो पालिकेत पाठवला. त्यात माझं शौर्य काही नव्हतं. मला फक्त ते लोक लवकर जायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर छापील सूचना लागली: कर्मचाऱ्यांनी बाळांच्या नावांविषयी मत देऊ नये. मीच ती टाइप केली. शास्त्रीबुवांनी दोनतीनदा खिडकीतून विचारलं, "सिस्टर कुठायत?" मी रजेवर आहेत असं सांगितलं. खोटं एकदा बोललं की पुढची आपोआप येतात. लोक आता मोबाइलवरचं काहीही लिहून मागत आणि मी लिहीत असे. एका मुलीचं नाव मी असं लिहिलं की ज्याला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता. बाप म्हणाला, "रॉयल वाटतंय न्हवं?" मी हो म्हटलं.

सिस्टरांची बातमी मला आमच्या आयाबाईंकडून कळायची. त्या कळंब्याला मनीषाकडे जाऊन येतात, टाके बघून आल्या, बाळाचं वजन करून आल्या. मनीषा सासरी गेल्यावर त्या एसटीनं कबनूरलाही गेल्या म्हणे. सासूनं घरात घेतलं नाही. त्यांनी बाहेरच्या कट्ट्यावर बसून बाळाला लस कधी द्यायची ते मनीषाला समजावलं आणि पुढच्या महिन्यात परत गेल्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेला सासूनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. घरात बाळाला साकव्वाच म्हणायचे.

बाळाचं वर्ष भरत आलं असेल तेव्हाची गोष्ट. मी महिन्याचे फॉर्म द्यायला पालिकेच्या जन्म नोंदणी खिडकीशी गेले होते. रांगेत पुढं ओळखीचा आवाज ऐकू आला. सिस्टर उभ्या होत्या. त्यांच्यापुढं मनीषा, कडेवर बाळ. मागं तिचा नवरा दोन मुलींचे हात धरून उभा. कामाची पाळी सोडून आला होता, अंगावर अजून कापसाचे तंतू होते. सिस्टर त्याला विचारत होत्या, "आईला सांगितलंसा?"

"न्हाय अजून," तो म्हणाला. "कागद हातात आला की सांगतो."

"सांगा. कागद बघून भांडू देत. कोऱ्या रकान्यावर भांडण्यात काय अर्थ हाय?"

त्यांची पाळी आली. आतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "बाळाचं नाव?"

सिस्टरांनी मनीषाच्या पाठीवर हात ठेवला. मनीषा काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं," सिस्टर म्हणाल्या.

"राज्ञी."

"रागिणी?"

"राज्ञी," मनीषा म्हणाली. या वेळी मागच्या रांगेलाही ऐकू गेलं. "म्हंजे जी राज्य करती ती."

"मग राणीच लिहू की. सोपं पडंल."

"ओ पावणं," सिस्टर खिडकीच्या काचेवर बोट टेकवून म्हणाल्या, "तिच्या आयनं ठेवलंय ते लिवा. सोपं पाडायला ती काय तुमच्या घरात ऱ्हाणार हाय? ज्ञानाचा ज्ञ. त्याला दुसरी वेलांटी." कारकुनानं तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं. शेवटी त्यानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा नाकावर घेतला, वाचलं आणि मान हलवली.

कागद छापून येईपर्यंत मी पुढं गेले. "सिस्टर," मी म्हणाले, "त्या दिवशी..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं काम झालं काय?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मला तुम्ही म्हणाल्या. "न्हाय? मग रांगेत ऱ्हावा. मागं माणसं हाईत."

मी रांगेत जाऊन उभी राहिले. त्यांनी दाखला हातात घेतला, हात लांब करून अक्षर न् अक्षर वाचायला लागल्या आणि थांबल्या.

"ओ पावणं! पोरीचं बरोबर हाय. आयचं चुकलंय. मनीषा हाय ती. हितं अनिशा आलंय."

"आमच्याकडं काय नाही," कारकून म्हणाला. "दवाखान्याच्या फॉर्मात तसंच आलंय. त्यांचं पत्र आणा, दुरुस्त करतो."

त्या दिवशी घाईघाईत मी तो फॉर्म पुरा केला होता. बाळाच्या नावावरून एवढं रण झालं, आणि आईचं नाव मी धड वाचलंही नव्हतं. मनीषा दाखल्याकडे बघत होती. तिला कदाचित सवय असावी, ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की सिस्टर. माझंच हाय. चालतंय."

"चालत न्हाय!" सिस्टर ओरडल्या. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. "कसं चालतंय? तुझं नाव कुणी बदलायचं?"

मी रांगेतून बाहेर आले आणि खिडकीशी गेले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. कारकुनाला ऐकू जाईल, मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "फॉर्म मी भरलाय. पत्र मी देते. उद्या सकाळी..."

"उद्या न्हाय," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी खिडकीतून आत हात घालून कारकुनाच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि माझ्यापुढं ठेवला. "आत्ताच. शिक्का मागनं जाऊन आणा. मजकूर हितंच लिवा, माझ्यासमोर. मी वाचून बघणार हाय."

मी लिहायला लागले. त्या शेजारी उभ्या होत्या, एका हातानं कागदाचा कोपरा दाबून धरलेला, कारण वर पंखा जोरात फिरत होता.